साहेबांच्या टेपमधली खरखर

आधी चहा घ्या. हे ऐकल्यावर माझ्या हुशारीबद्दल तुमचं जे काही मत आहे, ते राहायचं नाही.

आम्ही तेव्हा बहरीनला नईम भागात राहायचो. ऐंशी सालानंतरची गोष्ट. ह्यांनी दोन कॅसेटींचा जपानी टेपरेकॉर्डर आणला होता. एकीकडे टेप वाजते, दुसरीकडे तिची कॉपी होते. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तो एकच, आणि चालवणारी मी. कुणाला गावी आवाज भरून पाठवायचाय, कुणाला भजनाची कॉपी हवीय, सगळे माझ्याकडे. आणि मी नुसती कॉपी करत नसे हं. मध्ये कुणी खोकलं, पंखा घरघरला, की पॉजचं बटण दाबून तेवढं गाळायची. तांदळातले खडे काढावेत तसं. माझे वडील भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे सुराचा कान मला लहानपणापासूनच. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे.

ह्यांच्या वर्कशॉपचे इंग्रज साहेब नोकरी संपवून मायदेशी निघाले होते. जाण्याआधी फोरमन कोणाला करायचं, ते त्यांच्याच हातात होतं. ह्यांचं नाव चर्चेत होतं. फोरमनला झिंजच्या चांगल्या वस्तीत कंपनीचा फ्लॅट मिळायचा. मी तर मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून ठेवले होते.

एक दिवस हे घरी आले ते रुमालात कॅसेट गुंडाळून.

"जपून हं. साहेबांचा जीव आहे ह्यात. साठच्या दशकात त्यांच्या देशात रेडिओवर एक रॉक गिटारवाला लोकांसमोर वाजवायचा. ती रेकॉर्डिंग आहेत. आता कुठं मिळायची नाहीत."

"मग माझ्याकडे कशाला?"

"झल्लाकला समुद्रावर त्यांची निरोपाची पार्टी आहे. उन्हावाळूत ही टेप न्यायला ते घाबरतात. कॉपी हवीय. मी सांगून आलोय, माझ्या बायकोइतकी स्वच्छ कॉपी बहरीनमध्ये कोणी करत नाही."

आता नवऱ्यानं साहेबासमोर असं सांगितल्यावर बाईच्या अंगात काय संचारेल, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी हे ड्युटीवर गेल्यावर मी टेप लावली. आधी निवेदक बोलला. काय स्वच्छ आवाज! इंग्रजी कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि नंतर जे सुरू झालं ना... पत्र्यावर खिळा ओढावा तसं कुंईंईं. मग घर्रर्र. मग मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं काहीतरी.

मी घाबरून टेप बंद केली. कापसाला कोलनवॉटर लावून मशीनचं हेड पुसलं. परत लावली, परत तेच. माझा जीव कळवळला. साहेबांनी इतकी वर्षं जपलेली टेप, आणि ती मधे मधे पार खराब झालेली. पाहुण्यांसमोर त्यांना लाज वाटेल. ह्यांचं फोरमनपद राहील बाजूला.

बसले निवडायला. जेवलेसुद्धा नाही.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "झाली?"

"खलास. एक खरखर शिल्लक ठेवली नाही."

"ऐकून बघू जरा?"

"माझ्यावर भरवसा नाही का?"

ह्यांनी कॅसेट खिशात टाकली.

पार्टीला मी ठेवणीतली पैठणी नेसले. साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं, टेप लावली. निवेदक बोलला. टाळ्या. निवेदक बोलला. टाळ्या. "थँक यू." टाळ्या. निवेदक बोलला.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. साहेबांनी मशीन हलवून पाहिलं. ह्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"अगं, गिटार कुठंय?" हे कुजबुजले.

"गिटार कुठली? नुसती खरखर होती. मी काढली."

"सगळी?"

"सगळी. साहेबांना सांगा ना."

ह्यांनी सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांनाच ठाऊक. साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मी नम्रपणे पदर सारखा केला.

तेवढ्यात टेपवर एक एक तार टुंग, टुंग वाजायला लागली. सावकाश, गोड. मी पुढं होऊन साहेबांना म्हटलं, "दिस बेस्ट. टू टाइम्स." कारण तेवढा तुकडा मी मुद्दाम दोनदा घेतला होता.

साहेब वाळूतच बसले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग ह्यांचा खांदा धरून बराच वेळ काहीतरी बोलले. ह्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

परतताना गाडीत मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या कार्यक्रमाला ते स्वतः हजर होते. त्या टाळ्यांत त्यांच्याही टाळ्या आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट ऐकू आल्या."

"आणि फोरमनचं?"

"केलं मला. वर म्हणाले, फक्त वर्कशॉपमधलं काही दुरुस्तीला घरी नेऊ नकोस."

मी सुखावले. म्हटलं, "बघा. आणि शेवटचा तुकडा तर फारच आवडला त्यांना. केवढे हसले."

ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाले, "अगं, तेव्हा तो वाजवत नव्हता. नुसत्या तारा जुळवत होता."

"तरीच," मी म्हटलं. "तेवढंच काय ते सुरात होतं."