माझ्या जागेवर वाळूच्या दोन गोण्या

मी कापडातले दोष शोधणारा माणूस. सुरतेत, उधन्याच्या एका मिलमध्ये गेली सव्वीस वर्षं टेबलाशी उभा असतो. समोरून साडीचं कापड सरकत जातं आणि मी डाग, तुटका धागा, झोळ असं काय काय पकडत राहतो. बायको म्हणते, तुम्हाला माणसांतही तेवढंच दिसतं. पण स्वतःच्या कापडाला तपासनीस नसतो. म्हणून ही गोष्ट मलाच सांगावी लागते आहे.

माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. शहराबाहेर इच्छापोरला एका कारखान्यात फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवायचा. आम्ही खानदेशातले, तापीकाठचे. तीच तापी गावावरून वाहत सुरतेला येते, त्यामुळे भावाला हे शहर परकं कधी वाटलंच नाही. "आपलंच पाणी शे," म्हणायचा. कॉजवेच्या, म्हणजे नदीवरच्या बुटक्या बंधारा-पुलाच्या वर, जिथे नदीचं पाणी अडून तळ्यासारखं उभं राहतं, तिथे काही हौशी लोक शिडाच्या छोट्या नावा चालवत. कुणी डॉक्टर, कुणी हिऱ्यांचा व्यापारी, आणि त्या सगळ्यांचं वेळापत्रक सांभाळणारे एक निवृत्त गुजराती इंजिनिअर. त्यांच्यातल्या एकाच्या नावेला भोक पडलं, ते बुजवायला माझा भाऊ गेला आणि परत आला तेव्हा डोक्यात नाव घुसलेली होती. वर्षभरात कुणीतरी टाकून दिलेला तडकलेला सांगाडा मिळवून, रविवारी रविवारी फायबर चढवून त्याने स्वतःची नाव उभी केली. मोटारीतून येणाऱ्या त्या मंडळींत हा सायकलवर डबा लावून जायचा. ते त्याला काका म्हणत, आणि त्यांच्या नावांची भोकं आपोआप बुजत.

शीड शिवायचं काम माझ्याकडे आलं. कापडातला जाणकार ना मी. उत्तम पॉलिएस्टर निवडलं, चारी बाजूंनी ताणून, एक सुरकुती येऊ न देता शिवलं. पाण्यावर उभं केलं तर ते दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखं फडफडत राहिलं, नाव जागची हलेना. इंजिनिअरसाहेब काठावरून बघत होते. "भाई, आ तो चादर छे," ते म्हणाले. शिडाला पोट लागतं, वारा त्यात बसतो, तेव्हा नाव चालते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या धंद्यात कापडाला पोट आलं की माल परत. मी शिवण उसवली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम झोळ घालून कापड शिवलं. भाऊ खूश. म्हणाला, "आते तुनं पोट बी कामाले ई."

कारण त्याच्या मनात दर हिवाळ्यात होणारी नावांची शर्यत होती. त्याच्या नावेला दोन माणसं लागत. मागचा सुकाणू धरणार, पुढचा छोटं शीड सांभाळणार आणि नाव कलली की उलट्या बाजूला वजन टाकणार. माझं वजन शहाऐंशी किलो. एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली.

"तुले पोहता येस का?" त्याने विचारलं.

"नही."

"मंग बरं. घट्ट धरशी."

मी हो म्हणालो. हो म्हणायला मी कधीच कंजुषी करत नाही. पहिल्या हिवाळ्यात माझ्या मिलमध्ये लग्नसराईचा माल होता, दुसऱ्या हिवाळ्यात मुलीची बारावी होती. दोन्ही वर्षं भावाने नाव काठालाच ठेवली. दुसऱ्या कुणाला घेऊन गेला असता, त्याला विचारणारेही होते. पण नाही. "भाऊ येवाव शे," भाऊच येणार आहे, असं सांगायचा लोकांना.

मग महामारी आली.

इथे एक घरगुती गोष्ट सांगायला हवी. आम्ही दोघे भाऊ आधी एकाच घरात राहायचो, दीड खोलीत. मुलं मोठी झाली तसा मी वेगळा निघालो, दोन गल्ल्या सोडून. भांडण नव्हतं काही. पण नवीन वेगळं झालेल्या माणसाला त्याची एक ऐट असते. कुणी पाहुणा आला की मी आपणहून सांगायचो, "आम्ही वेगळे आहोत, बरं का." भावाला तेच कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "वेगळे कसले, तो फक्त झोपायला तिकडे जातो." बारा वर्षं झाली तरी दोघांची उत्तरं बदलली नव्हती.

पहिल्या लाटेत भावाच्या गल्लीला बांबू बांधले. तपासणीला महापालिकेची माणसं माझ्या दारी आली, त्या गल्लीत तुमचं कुणी? मी म्हटलं, भाऊ आहे, पण आम्ही वेगळे. मिल पुन्हा सुरू झाली तेव्हा गेटवरच्या रखवालदाराने विचारलं, तुमच्या भावाकडे कुणी आजारी होतं ना? भाऊ कसा आजारी असेल, तो ठणठणीत होता, फक्त गल्ली बंद होती. पण मी एवढं लांबण न लावता म्हटलं, वेगळं आहे त्यांचं घर. फाटक उघडलं. हा शब्द किती उपयोगाचा आहे हे मला त्या महिन्यांत कळलं. नंतर नंतर तर कुणी पूर्ण विचारायच्या आतच तो माझ्या तोंडातून निघायचा.

हिवाळ्यात साथ जरा ओसरली. हौशी मंडळींनी ठरवलं, शर्यत घ्यायची, पण वेगळ्या रीतीने. गर्दी नाही, बक्षीस नाही. एकेक नाव सोडायची, तोच मार्ग, काठावरून वेळ मोजायची, आणि शेवटी वेळा ताडून बघायच्या. आणखी एक नियम होता. एका नावेत दोघं बसणार असतील तर ती एकाच घरात राहणारी हवीत.

भावाने अर्जावर आमच्या दोघांची नावं लिहिली. घर एकच, असं लिहिलं. त्याच्या हिशेबाने ते खोटं नव्हतं.

इंजिनिअरसाहेब प्रत्येकाला फोन करून खात्री करत होते. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून भावाचा लागला नाही. त्यांनी अर्जावरचा दुसरा नंबर फिरवला. मी टेबलाशी होतो, पुढून कापड सरकत होतं, एका हाताने फोन कानाला.

"केम छो भाई? तमे बन्ने भाई साथे ज रहो छो ने?"

बघा, दोघे एकत्रच राहता ना, असं विचारून त्या सज्जनाने उत्तर माझ्या हातात ठेवलं होतं. शेवटचा तो 'ने' म्हणजे फक्त हो म्हणा, एवढंच. आणि मी म्हटलं, "ना ना, अमे तो जुदा." तोच माझा 'वेगळे', फक्त गुजरातीत.

मग ते म्हणाले, "अच्छा. तो पछी मुश्केल छे. नियम छे, भाई." फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. तोवर चार मीटर कापड न बघता पुढे गेलं होतं.

संध्याकाळी मी भावाकडे गेलो. त्याला कळलं होतं. कॉटवर बसून तो नावेच्या दोरीची टोकं जाळून पक्की करत होता. मी सगळं सांगितलं, रखवालदारापासून.

"जे खरं शे तेच सांगेल शे तू," तो म्हणाला. "मंग जाऊ दे."

"मी परत फोन करतो. सांगतो की चुकून बोललो."

"आते सांगशी ते खोटं व्हई."

वहिनी जळगावच्या; रागावल्या की पुस्तकातलं मराठी बोलतात. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "भाऊजी, शर्यतीला अजून अठरा दिवस आहेत. तुम्ही चौदा दिवस इथे राहायला या. मग त्यांना फोन करून सांगा, आम्ही एका घरात राहतो. कुणाचंच खोटं होणार नाही."

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. दोरी हातात तशीच.

आता मी काय सांगावं? दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. एक उशी उचलायची होती. मी म्हटलं, मुलाचा संध्याकाळी ऑनलाइन क्लास असतो, फोन माझाच लागतो. मी म्हटलं, हिला एकटीला भीती वाटते. (हिला कसलीही भीती वाटत नाही. मलाच तिची वाटते.) मी म्हटलं, बघतो. वहिनी आत गेल्या. मी उठताना म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की."

"नक्की," भाऊ म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी मी कॉजवेच्या कठड्याशी उभा होतो. एकट्याने नाव चालवायला नियमाची आडकाठी नव्हती, म्हणून भाऊ एकटाच उतरला होता. मला वाटलं होतं, तो येणारच नाही. त्याची पाळी आली, नाव काठापासून सुटली, आणि मी पाहिलं की पुढे माझ्या जागेवर सिमेंटच्या दोन गोण्या ठेवल्या आहेत, वाळूने अर्ध्या भरलेल्या.

सरळ वाऱ्यात नाव छान गेली. मी घातलेला झोळ वाऱ्याने भरला. शेजारी उभा असलेला एक माणूस म्हणालासुद्धा, काकाने शीड मस्त बनवलंय. पण पलीकडे लाल पिंपापाशी वळायचं असतं. वळताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला जातं आणि नावेतल्या माणसाने वजन उलट बाजूला न्यायचं असतं. गोणी आपणहून सरकत नाही. भावाने सुकाणू गुडघ्यात दाबून धरलं, वाकून एक गोणी ओढली, मग दुसरी. तेवढ्यात नाव कलली, वाऱ्यावेगळी पडली आणि जाऊन जलपर्णीच्या हिरव्या चटईत अडकली. त्याने वल्ह्याने ती वनस्पती दूर सारली. पुन्हा निघाला. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. एकदा उघड्या पाण्यात उभा राहून तो कमरेवर हात ठेवून त्या गोण्यांकडे बघत होता. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस होता तो.

सगळ्यात शेवटची वेळ त्याची आली. पण मार्ग पूर्ण केला. काठावर मी त्याला गोण्या उतरवायला मदत केली. ओल्या झाल्या होत्या, जड लागत होत्या.

"तुन्यापेक्षा हलक्या शेत," तो म्हणाला. "पन सांगीसन बी सरकत नहीत."

मी हसलो. तोही हसला. मग त्याला खोकला आला, तो नुसता दमल्याचा होता. आजार यायला अजून तीन महिने होते.

दुसऱ्या लाटेत तो गेला. लिहायला एक ओळ लागते. त्याला ताप आला, मग श्वास कमी पडायला लागला, मी मोटारसायकलवर माझ्या मागे बसवून त्याला दवाखान्यात नेलं. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. वाटभर त्याने मला धरून ठेवलं होतं. आत घेताना त्याने हात वर केला, तो निरोपाचा होता की नर्सला काही सांगायला, मला कळलं नाही. सहाव्या दिवशी फोन आला. त्याच्या दोन्ही मुली सासरी, एक नाशिकला आणि एक धुळ्याला. दोघींपैकी एकीलाही येता आलं नाही. अग्नी मी दिला, म्हणजे कर्मचाऱ्यांनी दिला आणि मी लांबून हात जोडले.

दुसऱ्या दिवशी माझी तपासणी पॉझिटिव्ह आली. वहिनींचीही होती. दोघांनाही फारसा त्रास नव्हता. माझ्या घरात मुलं, तिथे जाता येईना. बायको फोनवर म्हणाली, "अहो, तिकडेच राहा. वहिनी एकट्या आहेत." म्हणून मी भावाच्या घरी राहिलो. लोक नंतर म्हणाले, धाकट्याने किती केलं. मी काहीही केलं नव्हतं, मला जायला दुसरी जागा नव्हती. चौदा दिवस. तेच चौदा दिवस, जे मला हिवाळ्यात जमले नव्हते.

एकाच दीड खोलीत दोन आजारी माणसं. मी बाहेरच्या खोलीत भावाच्या कॉटवर, वहिनी आत. बायको दाराबाहेर डबा ठेवून जायची. दहाव्याचं काही करता आलं नाही. मुली फोनवर रडायच्या, आम्ही दोघं फोन मध्ये ठेवून ऐकायचो. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, मला त्याची भीती वाटत होती. काहीतरी त्या बोलतील आणि ते खरं असेल.

तेराव्या दिवशी दुपारी त्या उंबऱ्यात बसल्या होत्या, तोंडाला पदर. मीच विषय काढला. म्हटलं, "वहिनी, त्याला शर्यत जिंकायची होती आणि माझ्यामुळे राहिली."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नव्या पोराने पास केलेल्या डागाळ कापडाकडे बघतो.

"जिंकायचं?" त्या म्हणाल्या. "ते दर वर्षी शेवटचेच आले असते, त्यांनाही माहीत होतं. तुम्ही इथे येता, अर्धा कप चहा पिता आणि उठता. बारा वर्षं. ते म्हणायचे, नावेत बसला की दोन तास कुठे उठून जाईल? पोहताही येत नाही त्याला."

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी भाजीची गाडी घेऊन आलं आणि गल्लीला पुन्हा बांधलेल्या बांबूंपाशी थांबून परत गेलं.

पंधराव्या दिवशी आमचे दोघांचे रिपोर्ट चांगले आले. वहिनींनी माझे धुतलेले कपडे घडी करून पिशवीत घातले, पिशवी दाराशी ठेवली. "जा आता," त्या म्हणाल्या, "मुलं वाट बघत असतील."

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः स्टोव्ह पेटवला होता. पिठाचा डबा उघडा होता.

"जेवून जातो," मी म्हटलं आणि खाली बसलो.