ओळ पुरी होऊ दे

लक्षीचा फोन आला तेव्हा मी तिला बोलूच दिलं नाही. ‘घर पडलं ना गं?’ एवढंच ओरडले. लक्षी म्हणजे तलासरीला दादाच्या शेजारी राहणारी. ती रडत म्हणाली, ‘घर उभं आहे, ताई. सर गेले... टेबलावर डोकं टेकून बसलेत.’ जमीन हलेल आणि छप्पर माझ्या भावाच्या अंगावर येईल, या भीतीने मी इतकी वर्षं काढली. त्या दिवशी जमीन गप्प होती. त्याचं हृदय बंद पडलं होतं.

दादा शाळेत इंग्रजी शिकवायचा. निवृत्तीनंतर त्याने जुन्या रोमन कवींच्या लॅटिन कविता इंग्रजीत आणायचं मनावर घेतलं, तेही छंदोबद्ध! ‘मराठीत कर की, चार माणसं वाचतील तरी,’ मी चिडवायची. ‘लॅटिन शिकलो इंग्रजीतून, नलू. माझी वाट तिथूनच जाते,’ तो म्हणायचा आणि बोटांनी टेबलावर ठेका धरायचा. टेबल थरथरलं की मी दचकून उठायची, आणि हा आपला हसायचा.

कारण तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले होते, आणि मी काळजीने सारखी त्याच्याकडे जाऊन राहायची. आधी जमिनीतून घुर्र आवाज, मग भांडी वाजायची. सगळा पाडा अंगणात ताडपत्रीखाली झोपायचा. दादाने खिडकीत पितळी पेल्यावर पेला उपडा ठेवला होता. तो वाजला की पळायचं. पळायची मात्र मी एकटीच. अंगणातून जीव खाऊन ओरडायची, ‘दादा, बाहेर ये!’ आतून उत्तर यायचं, ‘ओळ पुरी होऊ दे, आलोच.’ असा संताप यायचा! भिंतीला हात जाईल एवढी चीर, आणि याला ओळीची पडलेली. मग सावकाश चष्मा पुसत बाहेर यायचा.

शेवटची कविता एका शेतकऱ्याची होती. तो घरातल्या देवांना विनवतो, आमचं छप्पर सांभाळा. तिची अखेरची ओळ काही केल्या जमेना. अर्थ आला की ठेका जायचा, ठेका धरला की अर्थ लंगडायचा. मी हात जोडले, ‘बाबा रे, मसोलीला चल माझ्याकडे. मला झोप लागत नाही.’ पहिल्यांदाच तो ‘हो’ म्हणाला. ‘एवढी ओळ झाली की येतो. कायमचा.’ मी घरी जाऊन त्याची खोलीसुद्धा झाडून ठेवली...

मागच्या आठवड्यात त्याचे कागद आणायला गेले. त्या घरात एकटीने शिरताना दार सताड उघडं ठेवलं, खोटं कशाला बोलू? टेबलावर तीच कविता होती. शेवटच्या ओळीचे चार शब्द लिहिलेले, पुढे कोरं. कागद उचलला तेवढ्यात खिडकीतले पेले वाजले.

मी कशी बाहेर आले, ठाऊक नाही. अनवाणी अंगणात उभी होते. कागद मुठीत चुरगळलेला, आणि मी खिडकीकडे तोंड करून ओरडत होते, ‘दादा, बाहेर ये!’ लक्षी धावत आली, माझा हात धरला. धक्का थांबला. तरी मी तिथेच उभी, ओळ पुरी व्हायची वाट बघत.