भिमाजींची एकुलती खुर्ची

पुणतांब्याला भिमाजींच्या घरात खुर्ची एकच होती. वेताची, एका हाताला सैल. लष्करातून पेन्शनीवर येताना त्यांनी ती नगरच्या जुन्या बाजारातून उचलली होती. तिच्यावर उत्तम बसायचा. भिमाजी समोर लोखंडी ट्रंकेवर, त्यांची बायको राहीबाई चुलीपाशी. तीन वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात काही खटकावं असं उत्तमला कधी वाटलं नव्हतं.

उत्तम शाळेत मास्तर. बाप रंभाजी, नदीकाठी चाळीस एकरांचा धनी. भिमाजी पन्नाशी उलटलेले, छावणीच्या बँडमध्ये वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून आलेले. ट्रंकेतून ते काळ्या नळीचे पाच तुकडे काढत, फडक्यानं पुसत, एकात एक बसवत. तोंडाशी बसवायची वेताची पत्ती जिभेवर ओली करता करता बोलत.

"सूर शोधायला लांब जाऊ नका, उत्तमराव. ते ऐका."

नदीवर पाणी उपसायचं इंजिन धडधडत असे.

"काय ऐकू? इंजिन आहे ते."

"तुमच्याच वडलांचं हाय. पेटीवरची काळी पाच. त्याला धरून बसा, बाकीचे सूर आपोआप घरी येतात."

आणि खरंच येत. इंजिनाच्या त्या एका सुरावर भिमाजी सारंग मांडत आणि उत्तमला आपल्या बापाच्या इंजिनाचा पहिल्यांदा अर्थ लागे. सूर शिकवण्याबद्दल उत्तमकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. उलट, चुकला तर हसत आणि चहा वाढवून देत. घरात उत्तम त्यांना 'काका' म्हणे. बाजारात भेटले की 'भिमाजी'. हा फरक भिमाजींच्या कानातून सुटला असेल असं समजायला कारण नव्हतं. तो माणूस इंजिनाचा सूर ओळखत होता.

त्यांचा बाप गावकीचा सनईवाला. लग्न कुणाचंही असो, त्यानं मांडवाच्या दारात पोत्यावर बसून वाजवायचं, बाहेरच जेवायचं. धर्मांतर झालं त्या वर्षी भावकीनं ठरवलं, आता कुणाच्या दारात वाजवायचं नाही. बापानं सनई आढ्याला बांधली ती बांधलीच. भिमाजी गावात परतले तेही या शब्दाला बांधलेले. वाजवत ते घरात, आणि बुद्धजयंतीला विहारात.

बहात्तर सालच्या वैशाखात उत्तमच्या बहिणीचं, चांगुणाचं लग्न निघालं. कोपरगावचा बँड सांगितला होता. मुहूर्त बारा वीसचा, आणि नऊ वाजता सांगावा आला की बँडचा टेम्पो वाटेत बिघडलाय, येत नाही.

"तुझा तो भिमाजी हाय ना?" रंभाजी म्हणाला. "दिवसभर त्याच्याच घरी पडलेला असतोस. आण त्याला."

उत्तम गेला. राहीबाईनं ऐकलं मात्र, हातातली परात खाली ठेवली.

"भावकी काय म्हनंल?"

भिमाजींनी एवढंच विचारलं, "कुठं बसायचं?"

"मांडवात, काका. माझ्या शेजारी. मी स्वतः खुर्ची टाकतो."

"शब्द?"

"शब्द."

"मग येतो. मित्राच्या बहिनीचं लगीन हाय," ते राहीबाईला म्हणाले, "दारात वाजवनं न्हवं ते."

ते आले ते लष्करी कोट घालून, पितळी बटणं घासून. मांडवाच्या दारात चपलांच्या ढिगाजवळ कुणीतरी पोतं अंथरून ठेवलं होतं. उत्तमनं ते लांबून पाहिलं. लोखंडी घडीची एक खुर्ची उचलून तो दाराकडे निघाला. दहा पावलं राहिली असतील.

"लई दिसांनी दारात वाजंत्री दिसली!" उत्तमचा चुलत भाऊ श्रीमंत मोठ्यानं म्हणाला. "काय भिमा, बापाची जागा घावली का?"

पाहुणे हसले. भिमाजी हसले नाहीत. त्यांनी गर्दीत उत्तमला शोधलं, आणि उत्तम त्यांना सापडला. हातात खुर्ची घेऊन उभा.

"उत्तम!" रंभाजीची हाक आली. "ती खुर्ची इकडं आन. नवरदेवाचे मामा उभे हायेत."

खुर्च्या मांडवात पुष्कळ होत्या. उत्तमला ते ठाऊक होतं, बापालाही. उत्तम वळला. त्यानं खुर्ची नवऱ्या मुलाच्या मामाखाली नीट उघडून ठेवली, धोतराच्या सोग्यानं तिच्यावरची धूळसुद्धा झटकली. मग अक्षतांचं ताट घेतलं आणि दाराकडे पाठ केली.

भिमाजी पोत्यावर बसले नाहीत. पोत्याला वळसा घालून उभे राहिले आणि लग्न लागून पहिली पंगत उठेपर्यंत उभ्यानं वाजवत राहिले. उत्तम अक्षता वाटत होता, पाणी विचारत होता, नको त्या म्हाताऱ्यांच्या पाया पडत होता. त्या दिवशी त्याच्याइतकं काम कुणी केलं नाही. रंभाजीनं दारात पत्रावळ पाठवली तेव्हा पोतं रिकामं होतं. गड्यानं पत्रावळ पोत्यावरच ठेवली. दुपारभर ती तिथं वाळत पडली.

पुढच्याच आठवड्यात बुद्धजयंती होती. विहारात भिमाजींना कुणी वाजवायला बोलावलं नाही. 'त्यांनी मांडवाच्या दारात वाजवलं,' एवढंच भावकीनं म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. उत्तमला हे शाळेतल्या शिपायाकडून कळलं. त्या दिवसापासून तो भिमाजींच्या दारावरून जाणारी नदीकडची वाट सोडून मारुतीला वळसा घालून शाळेत जाऊ लागला. रोज ठरवायचा, उद्या जाऊ. भिमाजींनी काय काय बोलावं ते मनात जुळवायचा. शिव्यासुद्धा. शिव्या मिळाल्या असत्या तर सोपं होतं.

त्या वर्षी पाऊस झाला नाही. पौषात नदीत नुसते खडक उरले तेव्हा एका संध्याकाळी तो गेला. दार उघडंच होतं.

"या, उत्तमराव," भिमाजी म्हणाले, तो कालच येऊन गेला असावा तसे. उठून त्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

राहीबाईनं चुलीकडचं तोंड वळवलं नाही. "बसा की. तुमची खुर्ची तुमालाच ठिवली हाय."

उत्तम उभाच राहिला. 

"एक इचारायचं होतं," भिमाजी म्हणाले. "लग्नात सारंग वाजवला. मदी निषादाला पत्ती फुटली, सूर जरासा हलला. तुमाला कळलं आसंल. फार वाईट वाटलं का ऐकायला?"

उत्तमनं आठवून पाहिलं. ताट आठवलं, मामाच्या सदऱ्यावरचा हळदीचा डाग आठवला. दोन तास दहा पावलांवर वाजत असलेला सारंग त्याच्या कानात कुठंच नव्हता.

"मी ऐकलं नाही, काका."

भिमाजींचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला. पोत्यापाशी नव्हता उतरला तसा. भरल्या मांडवात ते एका माणसासाठी वाजवत होते, आणि तो माणूस तिथं नव्हताच.

त्यांनी ट्रंक उघडली. पाच तुकडे पुसले, जोडले.

"मग आता ऐका," म्हणाले.

नदीवर इंजिन बंद होतं. धरायला काळी पाच नव्हती. भिमाजींनी थोडा वेळ डोळे मिटून तो सूर आठवला आणि सारंग सुरू केला. मध्ये खुर्ची रिकामी होती. उत्तम दाराशी, जिथं चपला काढतात तिथं, उभ्यानं ऐकत राहिला. बसा असं त्याला पुन्हा कुणी म्हटलं नाही.