कालच्या ओळीपुढचा शब्द

सकाळी सातला फोन वाजला. "भावजी, आज फळा लिहायला कोनी न्हाई वो…" वहिनी एवढंच बोलल्या आणि मला कळलं. माझे दोस्त गौतम सर झोपेतच गेले होते. एरवी त्यांचा फळा एक दिवसही राहत नसे.

जवळा बाजारला हयातभर विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर सरांनी जणू सूर्याचीच नोकरी धरली. सकाळी गच्चीवर छोट्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा कागदावर पाडायची, डाग पेन्सिलीनं गिरवायचे, मोबाईलवर वेधशाळांचे आकडे बघायचे आणि संध्याकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर उद्याचा अंदाज लिहायचा: शांत, अस्वस्थ किंवा वादळ. सूर्याच्या झोतानं पृथ्वीचं चुंबकत्व किती ढवळेल, त्याचा हा अंदाज. पण आधी कालच्या ओळीपुढे एक शब्द: 'बराबर' किंवा 'चुकलो'. 'चुकलो' पुष्कळदा असे. बाजाराला आलेले लोक हसत, मीही हसे. "सर, सोयाबीनचा भाव सांगा, सूर्याचं आमी काय करावं?"

मी जमीन मोजणारा. आमचं नवं यंत्र उपग्रहांच्या सिग्नलवर चालतं. एकदा साखऱ्याला दोन चुलतभावांच्या बांधाची मोजणी होती. आदल्या हंगामात तिथं कुऱ्हाडी निघाल्या होत्या. फळ्यावर त्या दिवसासाठी 'वादळ' होतं. सरांनी सकाळीच फोन केला. "आज मोजू नको. सूर्याच्या वादळात सिग्नल भरवशाचा न्हाई." आभाळ तर निरभ्र! मी गेलो. आकडे मधूनच हलत होते. जागा आधीच पक्की ठाऊक असलेल्या जुन्या खुणेवर यंत्र ठेवून पुन्हा तपासायला हवं होतं, पण दोन्हीकडची माणसं दात-ओठ खात उभी. मी घाबरलो, हद्दीचा दगड रोवून मोकळा झालो.

परतताना सरांकडे थांबलो.

"खुणेवर तपासलंस?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग पुन्हा जा अन् मोज."

"लोक कापतील मला! अन् माझं नाव?"

"दगड तसाच ऱ्हायला तर एकमेकाला कापतील. मी रोज रस्त्यावर लिहून राहिलो चुकलो म्हणून. मेलो का?"

मी तावातावानं निघून आलो. दोन दिवस साखऱ्याचेच आकडे काढून बघत राहिलो. तिसऱ्या सकाळी निरोप आला, धाकटा भाऊ तो दगड उपटायला निघालाय. मी गाडी काढली. सरांच्या फाटकापाशी ते टोपी घालून उभेच होते. एक शब्द न बोलता मागे बसले.

शेतात सगळे जमले होते. धाकट्याच्या हातात कुऱ्हाड. मी पुढे होऊन म्हणालो, "मी चुकलो. पुन्हा मोजतो." खुणेवर तपासून मोजलं. दगड दोन हात सरकला, थोरल्याच्या बाजूला. आता थोरला पेटेल म्हणून मी अंग चोरलं. तो जवळ आला. "साहेब, काहून सांगितलं? आमाला कुटं कळलं असतं?" मी बांधाकडे पाहिलं. सर बांधावर बसून बुटातली माती झाडत होते. धाकट्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

सर गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेलो, तर फळ्यावर शेवटची ओळ तशीच होती: 'उद्या: शांत'. पुढची जागा कोरी. वहिनींनी खडू दिला. "लिहा भावजी. त्यायनी कोरं ठेवलं नसतं."

'चुकलो' लिहावं असं फार वाटलं. ज्या दिवशी ते गेले, तो दिवस कसला शांत! पण मोबाईलवर त्या दिवसाचे आकडे काढून दोनदा तपासले. सूर्य दिवसभर गप्प होता.

मी लिहिलं, 'बराबर'.