गिरणीतच राहिलेलं कडवं

माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत स्पॅनिश भाषेतलं काम करते. म्हणजे नेमकं काय करते, हे मला आजही कुणाला धड सांगता येत नाही. आमच्या गावात, जळकोटात, कुणी विचारलं की मी ‘भाषांतर’ म्हणते आणि विषय बदलते. ही भाषा शिकताना तिला एका गायिकेचा नाद लागला. स्पेनमधली, माझ्यापेक्षा थोडी मोठी बाई, हातात गिटार आणि गाणी सगळी स्वतःच लिहिलेली. पोरीनं तो नाद मलाही लावला. गाणं पाठवायची, खाली मराठीत अर्थ लिहायची आणि तासाभरात फोन करून ऐकलंस का म्हणून परीक्षा घ्यायची.

ऐकायची मी, पण गिरणी बंद असताना. हायवेला लागून आमची पिठाची गिरणी आहे. ती सुरू असली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं स्पेन कुठलं ऐकू येणार.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्या गाण्यात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. मी मुलीला विचारलं, ही शेवटी नाव का घेत नाही? आमच्याकडं अभंग असो की लिंगायत शरणांचं कन्नड वचन, शेवटी नाव येतंच. संत स्वतःचं घेतात, शरण आपल्या देवाचं. नाव आलं की गाणं कुणाचं ते कळतं. मुलगी हसून म्हणाली, अगं, तिचं नाव कव्हरवर असतं, फोटोसकट. स्वतःच्या गाण्यावर स्वतःचा फोटो! मला ते जरा निलाजरंच वाटलं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

हेवा वाटायला कारण होतं. गाणी मीही करते.

माझे मालक अचानक गेले. दुपारी जेवायला बसले आणि ताटावरच कलंडले. त्यानंतर घरात रडायलासुद्धा सवड मिळाली नाही, कारण सतत कुणी ना कुणी समजूत घालायला बसलेलं. देवाची मर्जी, देवाची मर्जी, ऐकून ऐकून कान किटले. शेवटी मी उठून गिरणी सुरू केली. लोकांना वाटलं, बाई खंबीर आहे. मला फक्त तो आवाज पाहिजे होता. त्या घरघराटात मी मोठ्यानं काहीही म्हटलं तरी दळण घेऊन आलेल्या बाईला माझे नुसते ओठ हलताना दिसायचे. तिथंच ते गाणं झालं. महादेवाला म्हटलेलं. पहिली दोन कडवी बरी होती, चारचौघांत म्हणण्यासारखी. तिसरं कडवं म्हणजे सरळ भांडण होतं:

भरल्या ताटावरनं उठवून नेलास धनी,
आता कसल्या तोंडानं मागतोस बेल नि पाणी?

आमचं बायकांचं भजन सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळात असतं. त्याच्या प्रमुख आक्का. कापड दुकानवाल्यांच्या घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, आणि शिस्तीला कडक. आपल्या पदरचं इथं काही म्हणायचं नाही, हा त्यांचा नियम. देवळात म्हणायचं ते जुनं, नावाचं, चार पिढ्यांनी म्हटलेलं. एका सोमवारी वेगळं काहीतरी म्हणा म्हणून सगळ्या माझ्या मागं लागल्या. मी माझ्या गाण्याची दोन कडवी म्हटली आणि शेवटी माझ्या माहेरच्या देवाचं, मल्लय्याचं, नाव असलेली एक ओळ जोडली. माझं माहेर आळंदकडचं, कर्नाटकातलं. बायकांनी धरूनच टाकलं की हे तिकडचं जुनं गाणं असणार. कुणी केलं, असं कुणी विचारलंच नाही, मग मी तरी आपणहून कशाला सांगू? मला गंमतच वाटली. पुढं ते गाणं शिवरात्रीला, हळदीला, सगळीकडं म्हणायला लागल्या. तिसरं कडवं मात्र गिरणीतच राहिलं.

मग माझ्या गळ्याला गाठ झाली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, थायरॉइडची आहे, काढावी लागेल, आणि आवाजाची नस अगदी जवळ असल्यामुळं आवाज बदलू शकतो. कधी कधी वरचा सूर लागत नाही. मरणाची भीती मला फारशी वाटली नाही, भीती वाटली ती या वाक्याची. आवाज गेला तर ते कडवंही गेलं. माझा माणूस असा अर्ध्या जेवणावरून नेला म्हणून या जगात कुणीतरी एकदा तरी देवाला जाब विचारला होता, याची खूणही राहणार नव्हती.

मुलगी सुट्टी घेऊन आली. तिनं मोबाईल समोर धरला आणि म्हणाली, सगळी गाणी म्हणून ठेव. दोन कडवी मी छान म्हटली आणि थांबले. ते भांडण त्या काचेच्या तुकड्याशी करून मला काय मिळणार होतं? ते म्हणायचं तर देवासमोर आणि माणसांसमोर. तेवढा धीर मला तेव्हा झाला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज आला, पण दुसऱ्याच कुणाचा तरी आला. पूर्वी मी पेटीच्या काळी चारमध्ये सहज गायची, आता काळी एकमध्येही दम लागत होता. ती तर पुरुषांची पट्टी. पाहुण्यांशी फोनवर बोलताना पलीकडून ‘दादा’ म्हणायला लागले तेव्हा मी फोन घेणं सोडलं. सोमवारी देवळात जाणंही सोडलं.

तेव्हा मुलीनं मला त्या गायिकेची सगळी हकिकत सांगितली. तरुणपणी ती बंदरावरच्या खानावळीत गायची. एका कंपनीवाल्यानं तिला सांगितलं, आवाज छान आहे, पण तुमचे शब्द कडू आहेत, आमच्या माणसांनी लिहिलेली गाणी म्हणा. ती उठून गेली आणि शाळेत मास्तरीण झाली. बऱ्याच वर्षांनी तिचीच गाणी लोकांनी डोक्यावर घेतली. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि ती गप्प झाली. सगळ्यांना वाटलं, संपलं आता. मुलीनं पाठवलेल्या व्हिडिओत ती परत आलेली होती, खुर्चीवर बसून, पिकल्या केसांची. आवाज इतका खरखरीत की मी आधी मोबाईलच बिघडला समजले. समोरची माणसं डोळे पुसत होती. गाणं झाल्यावर ती काहीतरी बोलली. मुलीनं अर्थ सांगितला: आधी तुम्ही माझा आवाज ऐकत होतात, आता शब्द ऐकता आहात.

मी मुलीला फटकारलं. म्हटलं, तिला काय जातंय म्हणायला, तिची माणसं तिकीट काढून येतात. माझ्यासमोर आक्का बसतात. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून काही केल्या जाईना. दळण दळताना, भाकरी थापताना, मी त्या बाईशी मनातल्या मनात भांडत होते आणि दर वेळी हरत होते.

एका सोमवारी मी गेले. पेटीवालीला पट्टी खाली घ्यायला सांगितली. तिनं माझ्याकडं कीव केल्यासारखं पाहिलं. दोन कडवी झाली, सगळ्यांनी माझ्यामागं म्हटली. आता शेवटची नावाची ओळ म्हणून बायका तयारीत होत्या आणि मी तिसरं सुरू केलं. माझ्या त्या घोगऱ्या आवाजात, पिंडीकडं बघून, दोन्ही ओळी.

मागून कुणीच म्हटलं नाही. आक्कांनी टाळ थांबवले.

“हे कडवं ह्या गाण्यात न्हाय. तुझं चुकलं.”

“चुकलं न्हाय, आक्का. गाणं माझं हाय. मीच केलंय.”

देवळात सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आता आक्का मला बाहेरचा रस्ता दाखवणार, अशी माझी खात्री होती, आणि मनातून मी भांडायची तयारीही केली. माझ्या माणसाचं कडवं आहे, काय करायचं ते करा, असं म्हणणार होते. पण त्या माझ्याकडं वळून बसल्या. मग विचारलं, हे कडवं केलं कधी? मी सांगितलं, पहिल्यापासनंच होतं, नुसतं तुम्हाला दिलं नव्हतं.

आक्कांचे मालक मागच्या उन्हाळ्यात गेले होते. दुखवटा संपल्यावर पहिल्याच सोमवारी त्या इथं येऊन बसल्या होत्या आणि हेच गाणं त्यांनी डोळ्यांत टिपूस न आणता म्हटलं होतं. आम्ही सगळ्यांनी त्यांच्या धीराचं लई कौतुक केलं होतं.

“म्हंजी माझं माणूस गेलं,” आक्का म्हणाल्या, “तवा तू मला अर्धंच म्हणायला लावलंस.”

 ज्या भांडणाला मी एकटीचं समजून जपत बसले होते, ते त्यांनाही पाहिजे होतं, हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. त्यांनी मला कडवं परत म्हणायला लावलं, सावकाश. मग टाळ मांडीवर ठेवून, पिंडीकडं बघत, स्वतः म्हणायला लागल्या. पहिली ओळ अडखळत का होईना, पुरी झाली. दुसऱ्या ओळीत ‘कसल्या तोंडानं’पर्यंत आल्या आणि मोठ्यानं रडायला लागल्या.