फवारणी पंपाची सायकल आणि मागे सासूबाई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नाहीतर ऐन वेळी चहा अंगावर सांडेल. आणि ऐकून झाल्यावर माझ्या घरी येऊन तुम्ही हे काढायचं नाही. आमच्या मंडळी अजून बोलून दाखवतात.

माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान आहे, हे तुम्हाला ठाऊकच. त्यामुळे हात सारखे शिवशिवतात. केडगावच्या एका भंगारवाल्याकडे मला औषध फवारायच्या पंपाचं इंजिन मिळालं. शेतात पाठीवर घेऊन फिरतात ना, तो पेट्रोलवरचा पंप. टाकी फुटलेली, पण इंजिन ठणठणीत. ते हातात घेतलं आणि डोक्यात किडा वळवळला. हे सायकलला लावलं तर?

महिनाभर दुकानाचं अर्धं शटर खाली. जुनी, दणकट घोडा सायकल, कुणाच्या तरी स्कूटरची एक्सलेटरची वायर, पेट्रोलला पाण्याची बाटली. मागच्या ब्रेकच्या जागी इंजिन बसत होतं, म्हणून ब्रेक काढला. पुढचा होता, पण नावापुरता. मंगल, म्हणजे आमची बायको, म्हणाली, हे बंद कुठून करायचं? मी म्हटलं, आधी चालू तर होऊ दे, बंद करायचं बटन नंतर जोडू.

आता खरं सांगू का? मी जन्माचा भित्रा माणूस. जत्रेतल्या पाळण्यात मी बसत नाही, खाली उभा राहून चपला सांभाळतो. सायकलही मी अंगणात स्टँडवर उभी करूनच चालवून बघितली होती. चाक गरगर फिरलं, मी लांबून टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर न्यायची छाती होत नव्हती. पण तेवढ्यात सासूबाई आल्या.

आमच्या सासूबाई हिवरे बाजारच्या बाजूच्या. आयुष्य शेतात, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन गेलेलं, वाघासारखी बाई. पण माझ्यासमोर? नऊ वर्षं झाली लग्नाला, अजून डोक्यावरचा पदर ढळलेला नाही. जावयासमोर बाजेवर बसायचं नाही, जावयाला उलट बोलायचं नाही, जावयाचं चुकलं तरी चुकलं म्हणायचं नाही. मी आमटीला बासुंदी म्हटलं असतं तरी त्यांनी वाटी पुढे केली असती.

चार दिवस राहून निघाल्या. दोन किलोमीटरवरच्या फाट्यावर एसटी मिळते. मंगल म्हणाली, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलवरून पाठवू. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेजारी कशाला? मी सोडतो की मामींना."

मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, सायकलकडे बघितलं. इंजिनाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग पदर ओढला, पिशवी मांडीवर घेतली आणि कॅरिअरवर एका अंगाला बसल्या. नाही कसं म्हणणार? जावई ना मी!

सुरुवात झकास झाली. गाव मागे पडलं, वारं लागलं. माझी छाती मामींना दिसत नव्हती म्हणून बरं, इतकी ती फुगली होती. फाटा दिसायला लागला, वेग कमी करायला मी एक्सलेटरची दांडी मागे ओढली, आणि दांडी माझ्या हातात आली.

अख्खी, बुडापासून! वायर आतल्या आत अडकून बसलेली आणि इंजिन पूर्ण जोरात. पुढचा ब्रेक दाबला तर रबर उडून शेतात गेलं.

माणसानं अशा वेळी काय करावं? ओरडावं, मदत मागावी. मी काय केलं? मामींना दिसू नये म्हणून दांडी गुपचूप खिशात घातली.

फाटा आला आणि गेला. उभ्या एसटीतली माणसं माना वळवून बघत होती.

मागून अगदी हळू आवाज आला, "फाटा मागं ऱ्हायला वाटतं."

फाटा राहिला हे मलाही दिसत होतं. पण जावयाचा तोरा जाईना. मी म्हटलं, "म्हटलं, मामी, तुम्हाला थेट घरीच सोडावं."

"कशापायी तरास घेताय," त्या म्हणाल्या.

झालं की नाही? आता त्यांना वाटतंय जावई हौसेनं पळवतोय, आणि इकडे जावयाला सायकल थांबवता येत नाहीये. पस्तीसचा वेग असेल, पण सायकलवर पस्तीस म्हणजे काय ते बसल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक खड्ड्याला पिशवीतली भांडी वाजत होती आणि माझे दात. उडी मारावी तर मागे मामी. त्यांना काही झालं तर मंगलला तोंड कसं दाखवू? पेट्रोल संपेपर्यंत जायचं, एवढंच हातात होतं. बाटली मी सकाळीच काठोकाठ भरली होती.

आणि मग ओढ्याचा उतार लागला. खाली अरुंद पूल, पलीकडे चढ. आणि चढावरून पुलाकडे येत होती मेंढरं. शंभरेक तरी असतील, अख्खा रस्ता पांढरा. मागे खांद्यावर काठी टाकलेला मेंढपाळ, निवांत.

उतारावर सायकल सुसाट सुटली. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला ओढा, समोर मेंढरं. जावईपण, तोरा, सगळं तिथेच गळून पडलं. मी डोळे गच्च मिटले आणि बोंब ठोकली. "मेलो! मामी, मेलो! धरा कुणीतरी! थांबत नाही ही!" कानात नुसता कल्लोळ. आता आदळतोय, मग आदळतोय. मंगलचा चेहरा दिसला, कुलदैवत दिसलं. मी ओरडतोय, ओरडतोच आहे. पण आदळत काहीच नाही.

खांद्यावर कुणीतरी बोट टोचलं.

डोळे उघडले. सायकल चढाच्या मध्यावर उभी. मामी खाली उतरून दोन्ही हातांनी कॅरिअर धरून उभ्या. मेंढरं भेदरून दोन्हीकडच्या शेतात पांगलेली आणि मेंढपाळ माझ्याकडे तोंड उघडं ठेवून बघतोय.

मामींनी डोक्यावरचा पदर नीट केला. मेंढपाळाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला आणि मान खाली घालूनच म्हणाल्या, "जावईबापू, चोक वढून इंजान मी पुलाच्या अलीकडंच बंद केलं. मेंढरं तुमाला भ्याली."