शेठचं नाक

खानावळीच्या दारात शेठ उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास ओढायचे. आम्ही तिघं त्यांच्या मागे, निकालाची वाट बघत. आतून तव्यावरचा चुर्र आवाज यायचा, पोटात कावळे ओरडत असायचे, पण शेठचे डोळे उघडेपर्यंत पायरी चढायची कुणाची हिंमत नव्हती. मग ते डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "न्हाई. नाक नको म्हणतंय." आणि पांढरा पायजमा चिमटीत जरा वर धरून पुढच्या खानावळीकडे चालू लागायचे.

आता गंमत अशी, की या माणसाने जन्मात मासा खाल्लेला नव्हता. मासा राहू द्या, कांदा, लसूण, बटाटासुद्धा नाही. सूर्य मावळला की पाण्याचा घोटही नाही. पणजोबा कधीतरी राजस्थानातून आले आणि नारायणगावच्या बाजारात किराण्याचं दुकान घालून बसले. त्याच दुकानात, त्याच गादीवर शेठ बसायचे. घरात मारवाडी, गल्ल्यावर आमच्यासारखंच 'व्हतं' आणि 'न्हाई'. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. मी तांब्याची तार गुंडाळत असायचो, ते साखर तोलत असायचे, आणि दिवसातून दहादा आमची नजरानजर व्हायची.

कोकणात जायचं खूळ आप्पांचं. आप्पा पिंपरी पेंढारचे बागायतदार. एका वर्षी टोमॅटोने त्यांना हात दिला आणि त्यांनी जीप घेतली. सीट कव्हरं शिवली मूळच्या जुन्नरच्या रशीदभाईंनी, ज्यांचं दुकान माझ्या दुकानाला लागून. गाडी कुठंतरी लांब पिटाळून बघायला पाहिजे, म्हणून दोन दिवस समुद्रावर जायचं ठरलं. शेठ समोरच बसले होते, म्हणून शिष्टाचाराने मी विचारलं, "काय शेठ, येता का?"

"येतो की," शेठ म्हणाले.

आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. पाव्हण्याला 'जेवून जा' म्हणावं आणि त्याने खरंच पाट मांडून बसावं, तशी आमची गत झाली.

पहिल्या सहलीत शेठ डब्यातले ठेपले आणि खाकरे घेऊन गाडीत बसून होते. आम्ही एका चकचकीत हॉटेलात शिरलो. बाहेर दिव्यांच्या माळा, आत गार हवा. शेठनी गाडीच्या दारातूनच रुमाल नाकाला लावला होता. "लई वास मारतंय राव," ते म्हणाले. आम्ही मनात म्हटलं, यांना काय, मासा म्हटलं की वास येणारच. सकाळी आम्ही तिघं आळीपाळीने संडासाची कडी वाजवत होतो आणि शेठ ओवा चोळून आमच्या तळहातावर ठेवत होते.

त्या दिवशी दुपारी त्यांनी आपण होऊन सूत्रं हातात घेतली. रेवदंड्यापासून मुरूडच्या बाजूला जाईपर्यंत प्रत्येक खानावळीपुढे गाडी थांबवायला लावली. शेवटी एका कौलारू घरापुढे डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "इथं बसा. माझ्या नाकाला जिथं तरास कमी, तिथं तुमच्या पोटाला तरास न्हाई." ताज्या माशाला वास नसतो, हे कोळीण सांगेल. पण मासे खाणाऱ्याचं नाक भुकेने आंधळं झालेलं असतं. शेठचं नाक कोरं होतं. तेव्हापासून दरवर्षी संक्रांत झाली की आमची सहल, आणि जेवायचं कुठं याचा निर्णय शेठच्या नाकाचा. सहलीचा दिवस रमजानच्या आधीचा धरावा लागे. कारण सूर्य मावळला की एकाचं ताट बंद आणि दुसऱ्याचं सुरू, अशा दोघांना एका टेबलावर बसवणार कसं?

त्यांच्यासाठी म्हणून आम्हीही दिवस असतानाच रात्रीचं जेवायला लागलो. तसं कुणी ठरवलं नव्हतं. शेठ पाच-साडेपाचला डबा उघडायचे, आणि माणूस एकटा जेवतोय नि आपण टकमका बघतोय हे बरं दिसत नाही, म्हणून आम्हीही ताटं मागवायचो. टेबल समुद्राच्या तोंडाशी. आम्ही तिघं एका रांगेत समुद्राकडे तोंड करून, आणि शेठ आमच्या समोर, समुद्राकडे पाठ करून. मी एकदोनदा म्हटलं, "शेठ, इकडे बसा, सूर्य बघा कसला दिसतोय." ते म्हणायचे, "सूर्य काय, रोज मावळतो भाऊ. तुमी खा." आणि ठेपल्याचा तुकडा लोणच्याला लावत आमच्या ताटांकडे बघत बसायचे. आप्पांनी सुरमईचा तुकडा मोडला की यांचा चेहरा खुलायचा. अशी माणसं तुम्ही पाहिली असतील, दुसऱ्याला वाढून स्वतःचं पोट भरणारी. शेठ वाढतही नव्हते. नुसते बघायचे.

याच सवयीने एकदा त्यांच्या गळ्याशी फास आणला.

शेठच्या धाकट्या मुलीचं मंचरच्या एका कापडवाल्यांच्या घरात जमत आलं होतं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत, फक्त नारळ द्यायचा बाकी. त्याच सुमारास आमची सहल झाली. जेवताना रशीदभाई उठले, म्हणाले, "फोटो काढतो, सगळे हसा." शेठ मनापासून हसले. तो फोटो आप्पांनी हौसेने मोबाइलच्या स्टेटसला लावला. त्या फोटोत झालं होतं असं, की रशीदभाईंचं ताट टेबलावर सरकून शेठच्या पुढ्यात आलेलं, आणि त्या ताटात अख्खं तळलेलं पापलेट, शेपटीसकट. मागे शेठचं ते समाधानी हसू. बघणाऱ्याला वाटावं, माणूस आता हात घालणार.

फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर करत मंचरला पोचला. मुलाच्या काकांचा फोन आला, "आम्ही जरा विचार करतो."

त्यानंतर शेठ समोरच्या गादीवर बसायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. मुलगी दुकानात यायची बंद झाली. शेठाणींचे डोळे सुजलेले दिसायचे. मी रस्ता ओलांडून गेलो, तर शेठ एवढंच म्हणाले, "कुनी काय करू नका. खरं असंल ते ऱ्हाईल." माझा जीव तुटला. लेकीचं लग्न मोडायची वेळ आली होती, आणि कशापायी, तर आमची पोटं बिघडू नयेत म्हणून हा माणूस वास घेत फिरला होता.

आम्ही तिघं त्यांना न सांगता मंचरला गेलो. धुतलेले कपडे घालून. आप्पांनी द्राक्षांची पेटी बरोबर घेतली. मुलाचे वडील, काका, कोपऱ्यात लोडाला टेकलेले आजोबा, सगळी बैठक भरलेली. पाणी झालं, चहा झाला. काय बोलायचं ते मी गाडीत पाठ केलं होतं, पण आप्पांना दम निघाला नाही.

"आवो, शेठ म्हंजी सोनं," आप्पांनी सुरुवात केली. "तुमाला सांगतो, माशाची पारख करावी तर शेठनी. सबंद कोकनात असा मानूस मिळायचा न्हाई!"

मी आप्पांच्या मांडीला चिमटा काढला. रशीदभाईंना वाटलं, आता आपणच सावरायला पाहिजे.

"तसं नाय," ते घाईघाईने म्हणाले, "खात नाहीत ते. नुसता वास घेतात."

काकांनी चहाची कपबशी खाली ठेवली. मुलाच्या वडिलांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. लग्न मोडायला आलो होतो का जोडायला, हेच मला कळेना. जे पाठ केलं होतं ते सगळं डोक्यातून गेलं, आणि मी नुसता "अहो, तसं नाही" एवढंच म्हणत राहिलो.

तेवढ्यात आजोबांचा आवाज आला. "जेवता कधी तुमी तिथं?"

"पाच-साडेपाचला," मी म्हणालो. "सूर्य मावळायच्या आत."

"कोन? तुमचे शेठ?"

"सगळेच. त्यांच्याबरोबर आम्ही तिघंही."

"तुमाला कुठं नेम हाय?"

रशीदभाई खाली बघत म्हणाले, "नेम नाय. पण ते एकटे कसे जेवतील?"

आजोबा मुलाच्या वडिलांकडे वळले. "आपल्या घरातली पोरं रातच्याला अकरा वाजता पिझ्झा मागवतात. आन् ही मासं खाणारी मानसं एका मानसासाठी दिवस असताना जेवत्यात. संगत कुनाची कुनाला लागली, तूच सांग." पुढे आम्हाला म्हणाले, "मुलीच्या बापाला निरोप द्या. फोटो काढताना ताट बाजूला करत जावा म्हनावं."

परतीच्या वाटेवर आप्पांनी निरगुडसरच्या फाट्यापर्यंत हॉर्न वाजवत गाडी आणली. तो फाटा आमच्या वाटेवर लागतच नव्हता. आनंदाच्या भरात उलट्या बाजूला आलो होतो.

शेठना आमची मोहीम कळली तेव्हा ते दुकानातून उठून माझ्याकडे आले. "मंचरला गेल्ता?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझ्या काळ्या तेलकट हातावर हात ठेवला आणि तसेच परत जाऊन साखर तोलायला बसले.

लग्न थाटात झालं. पुढच्या सहलीला आम्ही शहाणपणा करायचं ठरवलं. पुन्हा भानगड नको, म्हणून शेठना न विचारता सरळ एका शुद्ध शाकाहारी हॉटेलात नेऊन बसवलं. जैन थाळी मिळते अशी पाटी होती. शेठपुढे थाळी आली, आमच्यापुढे पनीर. आम्ही शाळेतल्या पोरांसारखे निमूट खात होतो. शेठ आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी थाळी लोटली.

"उठा."

"का हो शेठ? काय कमी हाय का?" आप्पांनी विचारलं.

"मी हे बघायला आलोय व्हय एवढ्या लांब? तुमची ही असली तोंडं?" शेठ खरंच रागावले होते. "लगीन झालं माझ्या पोरीचं. आता कुनाला भ्यायचं न्हाई. उठा, सूर्य खाली चाललाय."

त्या संध्याकाळी त्यांच्या नाकाने पहिल्याच दारात कौल दिला. जेवताना मी त्यांना विचारलं, "शेठ, खरं सांगा, तुम्ही येता तरी कशासाठी? वास सोसत नाही, खायचं काही नाही."

त्यांनी ठेपला खाली ठेवला. "भाऊ, वरीसभर मान्सं माझ्यापुढं येतात, आन् पाव किलो का अर्धा किलो ह्याचा इचार करत उभी ऱ्हातात. पोटभर खाताना मला कोन दिसतंय? हितं तुमी बिनमापाचं खाता. ते बघितलं की मला वरीसभर पुरतं."

आम्ही तिघांनी माना खाली घातल्या आणि खात राहिलो. दुसरं काय करणार? आप्पांनी आणखी एक भाकरी मागितली. ती त्यांना नको होती, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर दोन सहली झाल्या. गेल्या श्रावणात शेठ गेले. दुपारी गादीवर बसल्या बसल्या मान कलली, आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत सगळं संपलं होतं. आता तिथं त्यांचा मुलगा बसतो. चांगला आहे. पण मान वर केली की चुकल्यासारखं होतं.

यंदा संक्रांत झाली तरी सहलीचा विषय कुणी काढला नाही. एक दिवस शेठाणीच रस्ता ओलांडून माझ्या दुकानात आल्या. हातात तो नेहमीचा डबा. "जाणार हाये ना तुमी लोकं?" त्यांनी विचारलं. "मग ठेपलं घेऊन जावा." आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो.

समुद्रावर पोचलो आणि पंचाईत झाली. आप्पा म्हणाले, "भाऊ, तू ठरव." मी म्हणालो, "रशीदभाई ठरवतील." रशीदभाई एका दारात उभे राहिले, डोळे मिटून त्यांनी लांब श्वास ओढला. पुढच्या दारात ओढला. त्याच्या पुढच्याही. शेवटी रडवेले होऊन म्हणाले, "मला तर सगळीकडूनच झकास वास येतोय रे!" आम्ही हसलो.

"सूर्य बघा, सूर्य," आप्पा एकदम म्हणाले. कुणाला घाई होती? तरी आम्ही धावलो आणि समोर आली त्या खानावळीत बसलो. बांगडा शिळा नव्हता, पण ताजाही म्हणता आला नसता. शेठनी पायरी चढू दिली नसती.

तिघं सवयीने एका रांगेत बसलो होतो. समोरची खुर्ची रिकामी. तिच्यापुढे रशीदभाईंनी ठेपल्यांचा डबा उघडून ठेवला होता. मला ते बघवेना. मी माझं ताट उचललं आणि टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीत जाऊन बसलो.

सगळा उजेड समोरच्या दोघांच्या तोंडावर पडला होता. आप्पांच्या मिशीला रस्सा लागलेला. रशीदभाई बांगड्याचा काटा शोधायला ताटावर वाकलेले, ओठ पुढे काढून, लहान पोरासारखे. भुकेली, घामेजलेली, सोनेरी झालेली तोंडं. इतक्या वर्षांत मी या दोघांना जेवताना असं कधी पाहिलंच नव्हतं. मी समुद्र बघत होतो.

"काय बघतोस रे?" आप्पांनी भरल्या तोंडाने विचारलं.

"काही नाही. तुम्ही खा," मी म्हणालो.

माझ्या पाठीमागे सूर्य बुडाला, तो मला त्या दोघांच्या चेहऱ्यांवरच कळला. ताटात अर्धी भाकरी उरली होती. ती तशीच ठेवून मी हात धुवायला उठलो.